हिरवा ठिपका

"ताई, काम झालं की लॅपटॉप शटडाउन करा, नुसता स्लीपवर ठेवू नका," असं लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या निनादने मागेच बजावलं होतं. अनुयाने ते कानाआड केलं, आणि आज तान्ह्या रेवाला कडेवर घेऊन ती पनवेलला त्याच्या दुकानात उभी होती. रांगेत तिच्यापुढे उरणच्या भीमाबाई आपला लॅपटॉप घेऊन उभ्या होत्या.

"मावशी, हा कधी बंदच करत नाही वाटतं. बॅटरी फुगलीय."

"त्यो आपोआप झोपतो बग. तेवडी झोप काढून टाक."

"का?"

"झोपला का चॅटवर माज्या नावापुडचा हिरवा ठिपका जातो. कल्पेशला तिकडं दुबईत त्यो दिसतो. ठिपका हाय म्हंजे आई बरी हाय."

"फोन नाही करत?"

"ठिपका दिसतो ना. मंग कशाला करंल?"

"पण झोप काढली तर तुम्ही आजारी पडलात तरी ठिपका हिरवाच राहील."

"राहू दे. त्याच्या जिवाला घोर नको."

"त्यापेक्षा आज शटडाउनच करा. ठिपका दिसला नाही की करेल फोन."

"आनि नाय केला तं?"

निनादने नवी बॅटरी बसवली. त्याने झोप काढून टाकली.

तुम्हालाही कुणाच्या नावापुढे असा ठिपका दिसत असेल, तर आज फोन लावून विचारा.