शेरनियाजचं ऑपरेशन नक्की कसलं

हॅलो?… हो, हो, मीच, बुरुल… एजे, ऐकू येत नाही, जरा थांबा, शिलाईमशीन बंद करते… हं, बोला.

पायजमे शिवतेय, तुमच्या धाकट्या भावासाठी… ढगळ. चांगले ढगळ, आत आणखी एक माणूस मावेल असे… का म्हणजे, घरात घालायला.

कोण म्हणालं?… अच्छा, शेजारची सैराकन. औषधाच्या दुकानात माझ्या मागेच उभी होती ती. मी घरी पोचायच्या आत बातमी तिकडे नारिन शहरात तुमच्यापर्यंत पोचली म्हणायची… हो, घेतलं ना. गॉज, चिकटपट्टी, थर्मामीटर. जुना थर्मामीटर फुटला होता… अहो ऐका ना, घाबरायचं काही नाही. हर्निया आहे. साधा हर्निया. परवा बिश्केकला ऑपरेशन, मग घरी येऊन आराम. त्याचीच तयारी चाललीय.

फ्रीजर?… हेही सांगितलं का तिनं? चेरी भरून ठेवलीय, लहान लहान पिशव्यांत… खायला नाही हो. सुजेवर ठेवायला. बर्फाचे खडे टोचतात, गोठवलेली चेरी कशी अंगाला नीट बसते. पण नुसती कातडीवर नाही ठेवायची, फडक्यात गुंडाळून… डॉक्टर म्हणाले म्हणून… हो, आणि जर्दाळू भिजत घालणार आहे. पोट साफ राहायला हवं, कुंथायचं नाही म्हणालेत… मधाच्या पेट्याही उचलायच्या नाहीत. त्या शेजारी बघणार आहेत. घोडा तर बंदच.

आणि चड्ड्या आणल्यात, घट्ट… वरून ढगळ, आतून घट्ट, हो… आता हर्नियाला घट्ट चड्डी कशाला ते… आधार लागतो, एजे… कुठे म्हणजे? खाली… हर्निया खालीच असतो ना?… बरं, जरा वर असतो. मला काय कळतं त्यातलं?

एजे?… हॅलो?… रडताय का तुम्ही?

नाही हो. नाही. कॅन्सर परत आलेला नाही… हो, मागच्या वेळी त्यांनी मुतखडा म्हणून सांगितलं होतं तुम्हाला. पण ती त्यांची करामत होती… वसंतात रक्त तपासलं, सगळं स्वच्छ आहे. शपथ घेऊ?… नानवर हात ठेवून सांगते, इथे ताटात आहे समोर.

मग लपवतोय काय?… लपवत नाही हो… शब्द दिलाय मी त्यांना. त्यांनाच विचारा.

कुठे आहात?… टॅक्सीच्या अड्ड्यावर? आत्ता?… बरोबर कोण?… सगळे चुलते? दोन गाड्या?… आणि मेंढी. जिवंत मेंढी. डिकीत… एजे, ती गुदमरेल ना… उघडी ठेवलीय, बरं. पण ऐका, माणसं नकोत आत्ता घरात. ऑपरेशन झालं की या माणसाला चार दिवस उताणं पडून राहायचंय, उशीवर… कुणी भेटायला आलं की हा उठणार, चहा ओतणार, हसत बसणार…

थांबा, आले ते. एक मिनिट.

अहो, ती मधमाश्यांची जाळी काढा आधी तोंडावरची… एजे आहेत. त्यांना वाटतंय आजार परत आलाय. सगळ्यांना घेऊन निघाल्यात… मी हर्निया म्हणाले, पण माझं मेलं चड्डीशी गाडं अडलं… नाही, बाकी काही नाही बोलले. रडतायत हो त्या. आईच्या जागी आहेत तुमच्या. तुम्हीच ठरवा काय ते… एजे? देते त्यांच्याकडे. धरा.

हॅलो एजे, मी शेरनियाज… हो, मीच, जिवंत आहे. आधी रडणं थांबव… ऐक. कॅन्सर नाही. हर्नियाही नाही. बुरुलला काही बोलू नकोस, मीच तिला तसं सांगायला लावलं… तू एक कर, त्या ड्रायव्हरपासून जरा लांब जा… अजून लांब. चुलत्यांपासूनही… हं.

ती गाठ काढली ना तेव्हा. प्रोस्टेट काढलं. गाठ गेली, पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली… नाही, भूक नाही. जेवतोय व्यवस्थित. पुरुषाची गोष्ट, एजे… हं. तीच.

गोळ्या झाल्या. इंजेक्शनं झाली. काही नाही. आता आत एक बसवणार आहेत… कृत्रिम. दोन नळ्या, पोटात पाण्याची छोटी पिशवी, आणि एक पंप… खाली असतो, आतच. बाहेरून काही दिसत नाही. दाबला की… हो, सायकलच्या पंपासारखाच समज. हसतेस?… हस, हस. मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं. नंतर दोन आठवडे झोप नाही.

कुणासाठी म्हणजे?… बुरुल नकोच म्हणत होती. म्हणाली, तुम्ही आहात, मला पुरे. पण मीच कुठे होतो, एजे? मी उन्हाळाभर वर पेट्यांपाशी तंबूत झोपलो. सांगायचो, अस्वलाची राखण करतो. अस्वल कधी आलंच नाही… घरात झोपलो की तिच्या अंगाला हात लागायची भीती वाटायची. हात लागला तर तिला वाटेल, आता काहीतरी… आणि मग पुढे काही नाही. म्हणून हातच लावला नाही. साधा खांद्यावरही नाही… तिनं एकदा विचारलं, माझं काही चुकलं का? तेव्हा ठरवलं.

हॅलो?… एजे?… आहेस का?

काय?… दाजींनाही हेच?… कधीपासून?… साखरेमुळे असेल… आणि डॉक्टरांना नाही दाखवलं?… तुलाही नाही बोलले? कधीच?… भिंतीकडे तोंड करून… आणि तू समजत राहिलीस की तुझ्यातच काहीतरी… ते जाईपर्यंत?

अगं एजे… नाही, तुझ्यात काही नव्हतं. तो आजार होता. मला डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं, साखरेनं नसा जातात… ते लाजले असतील गं. मी लाजलो तसेच. मला तुझ्याशी बोलायला एवढे दिवस लागले… नाही, तुझ्यावर चिडले नव्हते ते. असं कुणी चिडून करत नाही… हो. रड. आता रड, मी धरतो फोन.

…

हं. पूस डोळे… नाही, चुलत्यांना हर्नियाच सांग. आणि त्यांना घरी पाठव, मेंढीसकट… तू?… इकडे नको येऊस. तू असं कर, बिश्केकला ये. मी आत असेन तेव्हा बुरुल बाहेर बाकावर एकटीच बसलेली असेल. तिच्याजवळ बसशील?… काही बोलायला नको. नुसती बस… येशील ना?… बरं. सांगतो तिला.

नाही, आत्ता नाही देता येणार फोन. ती तोंड धुवायला गेलीय… हो, इथेच उभी होती, सगळं ऐकलं तिनं… बरं. ठेवतो आता. जातो तिच्याकडे.