दार उघडलं की ताशा चढतो

निकिता: साल नीट सांग आज्जी, मग मी शोधते. सत्त्याण्णव की अठ्ठ्याण्णव?

सुमनबाई: अठ्ठ्याण्णव. तुझी राजेश्री आत्या बाळंतपणाला आली होती त्या साली. बारशाच्या आदल्या दिवशी तुझा बाप पुण्याहून परत आला. तुझा आजोबा अंगणात जाळावर ताशा शेकत बसला होता. रुद्र त्याच्या पुढून गेला आन् पाणी न पिता झोपला. मी काय विसरत न्हाई.

महारुद्र: विसरत न्हाईस हेच तर वांधं हाय, माय.

निकिता: मग हीच यादी. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, जगभरातले शंभर हेवी मेटल अल्बम, चाहत्यांच्या मतांवरून लावलेले. पप्पा, तुमच्या बँडची ‘पत्र्यावरचं ऊन’ कॅसेट यात आहे.

महारुद्र: थट्टा करू नको. मला परवा हे गेट वेल्डिंग करून द्यायचंय.

सुमनबाई: परवा गेट न्हाई. परवा चुडाव्याला जायचंय, बसवेश्वराच्या लेकीच्या लग्नाला.

महारुद्र: मी जाणार न्हाई. सांगितलंय एकदा.

निकिता: का पण? रुद्राणीताई स्वतः दुकानात येऊन पत्रिका देऊन गेली. एवढ्या लांबून.

महारुद्र: दिली की. आन् जाताना काय म्हणाली? ‘पप्पांनी सांगायला सांगितलंय, इकडचा बाजा अजून ठरवला न्हाई.’

निकिता: बरं, मग?

महारुद्र: मग काय. इतक्या वर्षांत एक निरोप धाडला, तो हा. म्हणजे तू ये आन् वाजव. त्याच्या लेखी मी अजून वाजंत्रीच हाय.

सुमनबाई: वाजंत्री असणं म्हणजे काय गुन्हा हाय का? तुझ्या बापानं ताशावर तीन लेकरं वाढवली.

महारुद्र: बापाचं न्हाई बोलायलो मी. बसवेश्वरानं जसं म्हणलं तसं बोलायलोय.

निकिता: कसं म्हणले? मला कोणी कधी सांगितलंच नाही. मला एवढंच माहीत, पप्पांनी तरुणपणी ड्रम वाजवले आणि नंतर वेल्डिंग सुरू केलं.

सुमनबाई: ये, इथं बस. चुडाव्याच्या चन्नप्पांचं किराणा दुकान, त्यांचा हा बसवेश्वर. पुण्याला शिकायला होता. सुट्टीत आला की गळ्यात गिटार. एका लग्नात यानं रुद्राला ताशा वाजवताना बगितलं. वरात थांबली, लोक जेवायला बसले, तरी हा उभाच. म्हणला, तू चल माझ्यासंगं पुण्याला, बँड काढू. पंक्तीतून उठवून नेल्यावानी नेलं की.

महारुद्र: माझं पान तसंच राहिलं होतं.

सुमनबाई: बगितलंस? तुलाबी आठवतंय सगळं. तिथं यांच्यासंगं गायला योगीराज म्हणून एक होता, नांदेडचा. गायला म्हणायचं आपलं. घरी आला होता एकदा, मला गाऊन दाखवलं. मी तांब्याभर पाणी घेऊन पळत आले, मला वाटलं विंचू चावला.

निकिता: त्याला ग्राउल म्हणतात आज्जी, घशातून गुरगुरत गायचं.

सुमनबाई: म्हणत असतील. पण पोरगं गुणाचं होतं, दोन भाकरी मागून घेतल्या.

निकिता: मग भांडण कुठं झालं, पप्पा?

महारुद्र: रेकॉर्डिंगला. शेवटचं गाणं, ‘धग’. लय हळू चालीचं होतं, जड. बैलगाडी चिखलातून निघाल्यावानी. शेवटपर्यंत तसंच न्यायचं ठरलं होतं. आमच्याकडं स्टुडिओ फक्त त्या दिवसापुरता होता. सगळं नीट चाललेलं. आन् शेवटाला स्टुडिओवाल्यानं दार उघडलं. वेळ संपली म्हणून सांगायला.

निकिता: आणि?

महारुद्र: आन् काय. दार उघडलं.

सुमनबाई: अगं, आमच्यात नवरदेव मांडवाच्या दारात आला की ताशा चढवायचा. दार उघडलं की हात आपोआप पळायला पाहिजे. हा एवढासा होता तवापासून बापानं शिकवलं. दाराकडं बघत वाजवायचं, ताशाकडं न्हाई.

महारुद्र: मी दाराकडंच बघत होतो. ते उघडलं आन् माझे हात सुटले. दुप्पट, तिप्पट. मला थांबताच येईना. बसवेश्वर गिटार घेऊन माझ्या मागं धावायला लागला, योगीराजाला शब्द पुरेनात. संपलं. मग बसवेश्वर म्हणला, ‘इथं कोणाचा नवरदेव आला रे? शेवटी वाजंत्री तो वाजंत्रीच.’

निकिता: पुन्हा नाही करता आलं रेकॉर्ड?

महारुद्र: वेळ कुठं होता. तसंच गेलं कॅसेटवर. कॅसेटी निघाल्या, कोणी घेतल्या न्हाईत, चन्नप्पांच्या दुकानात गुळाच्या ढेपांमागं पडल्या. बसवेश्वराचं शिक्षण अर्धं राहिलं होतं याच्यापायी. तो दुकानात बसला, मी हिकडं. माझ्यामुळं बुडालं सगळं. आन् त्यानं म्हणलं ते खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं.

सुमनबाई: आता मला ती यादी दाखव. कोणकोण हाय त्यात?

निकिता: खालून वर जाते. हा शंभरावा. हा अठ्ठ्याण्णवावा.

सुमनबाई: या समद्यांच्या कॅसेटीच्या पुड्यावर कवट्याच कवट्या. आन् यानं तोंडाला चुना कामून फासलाय? सोंगाला निघालाय का?

निकिता: ते बर्फाच्या देशातले आहेत. तसंच रंगवतात.

सुमनबाई: ऊन न्हाई तिथं, म्हणून. आमच्या पोरांनी ऊन म्हणून नाव ठेवलं, एक चित्र टाकलं पत्र्याच्या छपराचं, झालं. ते छप्पर आपल्याच गोठ्याचं. फोटो काढताना माझी कोंबडी आली होती मधी, ती कापली त्यांनी.

निकिता: कोंबडी कापली?

सुमनबाई: फोटोतून गं.

निकिता: पप्पा, थांबा. उठू नका. आलं. एकतिसावा नंबर.

महारुद्र: खालून?

निकिता: वरून. शंभरात एकतिसावा. वरचे बहुतेक सगळे जगात गाजलेले आहेत. तुमच्या खाली एकोणसत्तर.

महारुद्र: चुकून आला असंल. कोणीतरी गंमत केली असंल.

निकिता: हजारो लोकांनी मतं दिलीत पप्पा. कोणालातरी पुण्याच्या फूटपाथवर ती कॅसेट मिळाली, त्यानं इंटरनेटवर टाकली. मग ती फिरली. खाली लोकांनी लिहिलंय, वाचू का?

महारुद्र: नको.

सुमनबाई: वाच.

महारुद्र: माय, शिव्या असतील. कोणीतरी लिहिलंच असंल की शेवटच्या गाण्यात ड्रमवाला गडबडला. मला ते पुन्हा ऐकायचं न्हाई. एकदा ऐकलंय, तेवढं पुरं.

सुमनबाई: असू दे शिव्या. तू रोज मनात देतोस त्यापेक्षा काय जास्त असतील? वाच गं.

निकिता: हा ब्राझीलचा आहे. ‘आवाज डब्यात भरल्यासारखा आहे, गायक मधेच शब्द गिळतो.’

सुमनबाई: योगीराज. खरं हाय.

निकिता: ‘पण शेवटच्या गाण्यासाठी मी हा अल्बम पहिल्या दहात ठेवला असता. ते हळू गाणं शेवटाला एकदम सुटतं, ते कसं केलं असेल कळत नाही.’ दुसरा कोणी पोलंडचा. ‘त्या वर्षी सगळे वेगानं सुरू करून वेगानं संपवत होते. हे लोक थांबले आणि मग पळाले.’ ही एक मुलगी लिहिते, ‘ड्रमवाला कोण आहे? बाकीचे त्याच्या मागं धावतायत असं वाटतं, आणि ते खरंच धावतायत.’ हिच्या खाली चारशे जणांनी तेच विचारलंय. ड्रमवाला कोण?

महारुद्र: तू मनानं वाचायलीस.

निकिता: हे बघा ना. इंग्रजी आहे, पण नाव तरी वाचा. ‘धग’ लिहिलंय. सगळीकडं ‘धग’.

महारुद्र: पुढं सरक जरा.

निकिता: याचं उत्तर दिलंय कोणीतरी. तीन वर्षं झाली. नाव आहे ‘बसव किराणा’.

सुमनबाई: वाच. बारीक आवाजात नको, नीट वाच.

निकिता: ‘ड्रमवाला महारुद्र, पाथरीचा. त्याचे वडील बन्सीधर, आमच्या भागातले ताशाचे उस्ताद. आमच्याकडं नवरदेव दारात आला की ताशा चढतो. त्या दिवशी दार उघडलं आणि त्यानं चढवला. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. मला वाटलं त्यानं गाणं मोडलं. मी त्याला वाईट बोललो. आता रोज दुकान बंद करताना ते गाणं लावतो. शटर ओढताना मला दरवेळी वाटतं, कोणीतरी दारात आलंय.’

महारुद्र: एवढंच हाय?

निकिता: अजून एक ओळ आहे. ‘मुलीच्या लग्नात त्यानं वाजवावं अशी इच्छा आहे. कसं विचारू समजत नाही.’

सुमनबाई: आता बोल. बाजा ठरवला न्हाई म्हणजे काय ते.

महारुद्र: मला कसं कळावं? त्यानं नीट सांगायचं.

सुमनबाई: त्याला नीट सांगता आलं असतं तर तवाच सांगितलं असतं. त्यालाबी तुझ्यावानीच बोलता येत न्हाई. निकिता, ते गाणं लाव. मी ऐकलं न्हाई अजून. यानं ती कॅसेट घरात येऊच दिली न्हाई, बापालाबी ऐकवली न्हाई.

महारुद्र: माय, तुझं डोकं दुखंल.

सुमनबाई: दुखू दे. लाव गं, मोठ्यानं.

निकिता: लावते. सुरुवात लय संथ आहे आज्जी, पुढं नेऊ का?

सुमनबाई: न्हाई, पहिल्यापासून. हां, झालं सुरू. गारा पडल्यावानी वाजतंय. बरंय की. हा योगीराज. याला पाणी द्या कोणीतरी.

निकिता: आता शेवट येतोय.

सुमनबाई: गप.

महारुद्र: इथं दार उघडलं.

सुमनबाई: ऐकलंस? चढवायच्या आधी थांबला. एवढासा. श्वास घेतल्यावानी.

महारुद्र: मी थांबलो न्हाई. मला तर आठवत न्हाई.

सुमनबाई: तुझा बाप थांबायचा तसा. त्याची खोड होती ती. बाकीचे वाजंत्री सरळ चढवायचे. तो एक घोट थांबायचा आन् मग सुटायचा. मी मांडवाच्या मागं स्वैपाकात असले तरी वळखायचे, आपला माणूस वाजवायलाय म्हणून. निकिता, तेवढंच परत लाव.

निकिता: परत?

सुमनबाई: त्याला जाऊन एवढी वर्षं झाली, एक फोटो हाय लग्नातला, त्यातबी डोळे मिटलेले. मला काय म्हाईत तो इथं हाय म्हणून. परत लाव.

महारुद्र: माय. रडू नको.

सुमनबाई: रडत न्हाई. हलकं वाटायलंय. तू बस इथं, ते गेट राहू दे.

महारुद्र: बापाचा ताशा कुठं हाय?

सुमनबाई: माळ्यावर. दर दसऱ्याला पुजते मी. तू बघत न्हाईस.

महारुद्र: कातडं ढिलं पडलं असंल.

सुमनबाई: शेकलं की येतंय. निकिता, चुलीत दोन लाकडं घाल.

महारुद्र: आन् बसवेश्वराला फोन लाव. न्हाई, थांब, मी काय बोलू?

निकिता: म्हणा, बाजा ठरला.

(लग्नाला चार महिने झाले. पाथरीचं तेच घर. सासरहून आलेली रुद्राणी सुमनबाईंजवळ बसली आहे.)

रुद्राणी: आज्जी, माझ्या लग्नात नवरदेव दारात आला तवा मी आत होते. मला काहीच बघता आलं न्हाई. सगळे सांगतात आन् मी ऐकते.

सुमनबाई: काय बघायचं राहिलं गं तुझं. तुझा नवरा दारात उभा, आन् त्याच्याकडं कोणी बघेना. रुद्रानं चढवला. तुझा बाप अक्षता घेऊन आला होता, तो तिथंच, ताशापुढं उभा. सगळ्या अक्षता रुद्राच्या डोक्यावर पडल्या. चन्नप्पा म्हणले, अरे नवरदेव हिकडं हाय.

रुद्राणी: पप्पा आता दर रविवारी येतात म्हणे इकडं. मम्मी नाराज हाय.

सुमनबाई: चुडाव्याहून गाडीनं मानवत रोडला, तिथून एसटीनं. हातात गिटार, पिशवीत गूळ. दुकानावर तुझा भाऊ बसतो आता. योगीराजबी आला होता लग्नाला, नांदेडच्या शाळेत मास्तर झालाय. घसा गेला पार. म्हणतो, अर्धा गाण्यात गेला, अर्धा सातवी ब मधी.

रुद्राणी: आन् निकिता?

सुमनबाई: परभणीला कॉलेजात हाय. आवाज भरायचं शिकायचं म्हणते, स्टुडिओतलं. बाप न्हाई म्हणला न्हाई. शनिवारी येते आन् त्या यादीचं सांगत बसते. एकतीसचा सव्वीस झाला. मी म्हणलं, होऊ दे हळूहळू, आमाला कुठं घाई हाय.

रुद्राणी: ज्याचं गेट होतं त्याचं काय झालं?

सुमनबाई: मिळालं की. उशिरानं. एक पट्टी वाकडी हाय, तो अजून बोलतो.

रुद्राणी: तुमी बऱ्या दिसता आज्जी. लग्नात फार थकल्यावानी वाटला होतात.

सुमनबाई: मला काय झालंय. झोप लागते आता.

रुद्राणी: आतल्या खोलीत पप्पा आन् काका लय मोठ्यानं वाजवायलेत. ऐकू येईना तुमचं बोलणं. दार लोटून घेऊ का?

सुमनबाई: नको. उघडंच राहू दे.