शेडवरची खुर्ची

मी आटपाडीकडची. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पयली, आन कॉलेजचं दार बघितलेली तर आख्ख्या भावकीत पयली. आई सीझनला तासगावात शेडवर बेदाणा निवडायला यायची, मग आमी सगळीच तासगावात ऱ्हायलो, वडील, आमचे आण्णा, ट्रॅक्टरवर डायवर, आन मी रोज एसटीनं सांगलीला, विश्रामबागच्या कॉलेजात. समाजकार्याची पदवी घेतली, तिच्यावर एमएसडब्ल्यू बी केलं, हे मी आजबी मान वर करून सांगते, लिहून घ्या तुमी. निकाल लागला तवा आण्णांनी दाराला पाटी लावली, माझं नाव आन खाली एमएसडब्ल्यू. घर भाड्याचं, मालक म्हणाला भिंतीला खिळा मारायचा न्हाई, तर आण्णांनी तारेनं बांधली. काय सांगू तुम्हाला, शेजारच्या काकू ती पाटी बघून गुडघा दाखवायला आल्या, म्हणल्या, डॉक्टरीन झालीस नव्हं, मग बघ की.

नोकरी लागली ती समुपदेशन केंद्रात. नवऱ्यानं मारलेली, घरातनं काढलेली बाई येते, तिचं ऐकून घ्यायचं, पोलिसांत जायचं तर तिच्याबरोबर जायचं, सासरच्यांना बोलवून समोर बसवायचं. काम लय आवडतं मला, खोटं कशाला बोलू. पण ते वर्षावर्षाच्या करारावर, आन मिळतं ते मानधन, ते बी येईल तवा खरं. सीझनला आईची रोजची हजेरी धरली तर महिन्याला तिचे पैसे माझ्यापेक्षा जास्त व्हायचे. ती कधी बोलली न्हाई ते. महिन्याच्या शेवटी एसटीच्या पासाला पैसे माझ्या हातावर ठेवायची आन दाराकडं बघायची, त्या पाटीच्या बाजूला. ते बघणं मला सोसायचं न्हाई.

मग गेल्या सीझनला म्हणलं, आई, रविवारी मी बी येते शेडवर. आई म्हणली, आगं, दाराला पाटी हाय ना तुझ्या? म्हणलं, तोंड बांधते. तिथं सगळ्याच बायका तोंडाला स्कार्फ बांधत्यात, बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते, नाकात बसतो वास, त्यामुळं कोण कुणाची लेक काय कळत न्हाई. मला वाटलं, तालुक्यात लपायला ह्याच्यापेक्षा बरी जागा न्हाई. पण तोंड बांधलं तरी आवाज कसा बांधणार?

एका रविवारी आमच्या टोळीत नवी बाई आली. तिचा हात चालंना, काडी ऱ्हायची, काळा दाणा चांगल्यात जायचा, बायका म्हणायल्या, आगं, निवडतीस का जप करतीस? ती रडकुंडीला आली आन माझ्या तोंडातनं निघालं, ताई, घाई करू नका, सावकाश होऊ द्या. हे केंद्रातलं माझं वाक्य, प्रत्येक बाईला म्हणते मी. त्या बाईनं झटकन मान वर केली. मॅडम? तुमी हितं?

ती शोभाताई हुती. पावसाळ्यात हात मोडून केंद्रात आलेली. मीच तिला म्हणलं हुतं, काम बघा, पायावर उभ्या ऱ्हावा. आन वर हे बी म्हणलं हुतं, तुमच्या लेकीची, प्राजक्ताची, बारावी झाली की आमच्या कॉलेजात घाला, माझ्यासारखी होईल.

सगळ्या बायका माझ्याकडं बघायल्या. मी काय बोलायच्या आधी आईच म्हणली, सर्वेला आलीया ती, बायकांचे हाल बघायला. झालं! मुकादम पळत आला, आवं मॅडम, खाली कशाला बसलाय, आन प्लास्टिकची खुर्ची आणली. बसले मी. एकजण म्हणली, मॅडम, प्यायचं पाणी गरम असतंय, लिहा. दुसरी म्हणली, संडासाला दार न्हाई, लिहा. मुकादम घाम पुसत म्हणला, दार सांगितलंय, मंगळवारी येतंय. मी माना हलवतेय, आन पायाशी आई बसलेली, तिच्या वाटणीचं आन माझ्या वाटणीचं दोन्ही निवडतेय. वर बघितलं न्हाई तिनं. अशी लाज मला जन्मात वाटली न्हाई.

शोभाताई मात्र माझ्या हाताकडं बघत हुती. बोटं बेदाण्यानं चिकट झालेली, सर्वेवाल्या बाईची असती व्हय तशी? जेवायच्या सुट्टीला बायका पाण्याकडं गेल्या तवा खुर्चीजवळ आली आन हळूच म्हणली, मॅडम, प्राजक्ताचा फॉर्म भरायचाय. भरू का नको, एवढंच सांगा.

मी खुर्चीवरनं उतरले. तिच्याशेजारी जमिनीवर बसले, स्कार्फ सोडला आन म्हणलं, ताई, मला किती मिळतं ते ऐका. आकडा सांगितला. घरच्या माणसांशिवाय कुणाला सांगितला नव्हता मी तो कधी. म्हणलं, घर चालवायला म्हणून शिकवणार असाल तर नर्सिंगला घाला. बायकांचं ऐकण्यातच तिचा जीव लागत असंल तर माझ्या कॉलेजात घाला, पण घरात दुसरं कमावणारं पायजे हे आधी धरून चाला. मला हे कुणी सांगितलं न्हाई.

शोभाताई म्हणली, तुमी नसता तर मी आज जित्ती नसते, आन तुमाला असं बसावं लागतंय व्हय? तिनं बरं वाटावं म्हणून म्हणलं, पण मला जास्तच लागलं ते. सुट्टी संपली, बायका परत आल्या, मला खाली बघून आई म्हणली, झाला का सर्वे? म्हणलं, झाला, सरक जरा. मुकादम बघतच ऱ्हायला.

प्राजक्ता मिरजेला नर्सिंगला हाय आता. पेढे घेऊन आली हुती, आत यायच्या आधी पाटी वाचत उभी ऱ्हायली. ती पाटी मी काढणार न्हाई. शिकल्याची मला लाज न्हाई वाटत, त्याचं मिळतं काय असं कुणी विचारलं की वाटते. अजून वाटते. ह्या सीझनला बी रविवारी शेडवर जाते. मुकादम अजून खुर्ची आणून ठेवतो, तिच्यावर आमी जेवणाचे डबे ठेवतो. संडासाला दार मात्र बसलं.

प्राजक्ताचं चांगलं होऊ दे. पयला पगार झाला की तिनं आईला दारातनंच ओरडून आकडा सांगावा, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.