वाढदिवसाचा भागाकार

मंडळी, आरतीआधी मला एक सांगा! एखाद्याला 'या, जेवायला या' म्हणून आपण हाताला धरून घरी आणलं, आग्रह करकरून वाढलं, आणि तो आचवून येतो तोच त्याच्यापुढे बिल ठेवलं — तर हा पाहुणचार की खानावळ? खानावळ! बरोबर. अहो, पण खानावळवाला परवडला! तो दर आधी पाटीवर लिहितो!

तर ऐका. एका गावात हेमंतराव केंजळे म्हणून गृहस्थ. भांड्यांचं मोठं दुकान, गळ्यात चेन, आणि कुजबुजले तरी चौकात ऐकू जाईल असा आवाज. त्यांची एकुलती एक लेक शर्वरी. तिचा वाढदिवस आला. हेमंतराव शाळेच्या फाटकाशी उभे राहून गरजले, "शर्वरीच्या सगळ्या मैत्रिणी आपल्याबरोबर वॉटर पार्कला! कुणी काही द्यायचं नाही. मी आहे ना!"

मी आहे ना! काय तो थाट! कर्णानं ऐकलं असतं तर तोही जरा बाजूला सरकला असता!

शर्वरीची जिवाभावाची मैत्रीण रेवती. तिची आई, सुजाताताई, भिडस्त बाई. तिथंच पर्स उघडून म्हणाल्या, "भाऊ, तिकिटाचे तरी घ्या." हेमंतराव म्हणाले, "छे छे वहिनी, लाजवता काय!" चार आया ऐकत होत्या ना! मग हात पुढे कसा करणार?

पोरी गेल्या, मनसोक्त भिजल्या, भेळ खाल्ली, नाचत घरी आल्या. आणि संध्याकाळी? सगळ्या आयांच्या मोबाइलवर हेमंतरावांचा निरोप! तिकीट, भेळ, पेट्रोल, पार्किंग — भागिले पोरी! अहो, केकसुद्धा भागिले! वाढदिवस यांच्या लेकीचा, फुंकर तिनं मारायची, आणि केकची वर्गणी गावाची! हसताय काय? पलीकडे कुणीतरी हसत नाहीये, तेही दिसतंय मला!

सगळ्यांनी मुकाट्यानं पैसे पाठवले. भांडलं कुणीच नाही. पण पुढं शर्वरी खेळायला बोलवायला गेली की एकीचं पोट दुखायचं, दुसरीचा अभ्यास राहिलेला असायचा. रेवतीनं मात्र खरं सांगितलं, "आई नको म्हणते गं. तुझ्या बाबांनी भागून पैसे मागितले ना!" हेमंतराव घरात चडफडले, "लोकांना केलेल्याची जाणीवच नाही!" घ्या! जाणीव कुणाला हवी होती, तर यांना!

शर्वरी खेळायला जाईनाशी झाली. खिडकीत एकटी बसलेली लेक बघून बाप दुकानातून लवकर घरी येऊ लागला. बापच तो, शेवटी! मग एके दिवशी सुजाताताईंचा फोन आला, "पोरींचं काय चुकलंय? शर्वरीला आज आमच्याकडे जेवायला पाठवा," तेव्हा हेमंतरावांचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी ते तिला आणायला गेले. दारात चपला काढतात, तो आत काय बघतात? शर्वरीनं थालीपीठ संपवलं, बोटावरचं लोणी चाटलं, फ्रॉकच्या खिशातून चुरगळलेल्या नोटा काढल्या आणि ताटाशेजारी ठेवल्या.

"काकू, माझे किती झाले? भागून सांगा ना. सगळे दिले की रेवती येईल ना माझ्याकडे?"

सुजाताताईंनी हातातलं उलथनं खाली ठेवलं. मग त्यांनी त्या नोटा पोरीच्याच मुठीत कोंबल्या. "हे तुझे खाऊचे पैसे. घरी आलेल्या लेकराच्या हातावर द्यायचे असतात, त्याच्याकडून घ्यायचे नसतात. आणि रेवती उद्याच येईल."

शर्वरी वळली. दारात बाप! तिनं मूठ उघडून विचारलं, "बाबा, हे खरंच ठेवू? की घरी गेल्यावर काकू परत मागतील?"

ज्याची कुजबूज चौकात जायची, त्या माणसानं खाली बसून लेकीची मूठ हळूच मिटली.

आता एकमेकांकडे काय बघताय? वर्गणी काढायची तर खुशाल काढा! आधी सांगा, तोंडावर सांगा, ज्याला जमेल तो येईल. त्यात लाज कसली? हा मांडवातला देवसुद्धा वर्गणीचाच प्रसाद खातो! पण फाटकाशी दाता आणि मोबाइलवर वसुलीदार — ही सोंगं पोरं बघत असतात, बरं!

उठा आरतीला. आणि घरी गेल्यावर एवढं करा. आपलं लेकरू दुसऱ्याच्या घरी जेवून उठताना खिसा चाचपतं का, ते विचारा. चाचपत असेल, तर ते त्याला शाळेनं नाही शिकवलं!