ताईचा कॅमेरा

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेला शिंपी आपला ठणका विसरला, तो समोरच्या बाकावरच्या दोघी मैत्रिणींमुळे. एकीने मोबाइल दुसरीच्या नाकासमोर धरला होता.

“बघ, बसली सजूनधजून कॅमेऱ्यासमोर! पावडरसुद्धा लावलीय.”

“छान दिसतायत की तुझ्या आई.”

“ताईसाठी गं! परदेशात बसून ताईने कॅमेरा लावून घेतला, तेव्हापासून हिचा मुक्काम तिथेच. ‘जेवलीस का? दमली असशील.’ दिवसभर त्या डबीशी गप्पा.”

“अगं, वय झालं त्यांचं.”

“ते वय फक्त माझ्या वाट्याला! गोळ्या मी द्यायच्या, पाय मी चेपायचे. आणि मी दारातून आत आले की कपाळाला आठ्या. ‘एवढा उशीर?’”

“पण ताई रोज बघते तरी का?”

“कशी बघेल? पासवर्ड विसरली. दोनदा फोन केला मला.”

“मग?”

“म्हटलं, मलाही आठवत नाही.”

“आणि तुझ्या मोबाइलवर तर चालू आहे!”

“हो. बघते मी एकटीच.”

नर्सने शिंप्याचा नंबर पुकारला. त्याने शेजारच्या म्हाताऱ्याला पुढे व्हायची खूण केली.

“अगं, मग सांगून टाक ना आईंना, बघणारी मीच आहे म्हणून.”

“वेडी आहेस का? आत्ता निदान माझ्याकडे बघून हसते तरी.”