लॅमिनेशन केलेले पासवर्ड

नेरच्या स्टँडवर पूर्वी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, गप्पा कानी पडायच्या. परवा शेजारच्या बाकावर नवरा-बायकोची जुंपली होती.

"पासवर्ड ठेवायचं ॲप बदललं, ठीक. पण सगळे पासवर्ड छापले कायले?" बायकोनं विचारलं.

"नव्या ॲपमंदी टाकाले. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशनबी करून आणलं. भिजाले नको."

"अवो, त्यात आपल्या खुशीच्या ॲडमिशनचाबी पासवर्ड आहे! उद्या तिच्या फॉर्मात पसंतीची कॉलेजं भरायची. कोणी मधातच बदलली तर?"

"अवं, फाइल डिलीट केली म्हणला तो."

"तुम्ही पाह्यलं?"

"गर्दी होती न."

"कागद एकच काढला?"

"एक लॅमिनेशनमंदी वाकडा निघाला. त्यालेच ठेवाले सांगितलं."

"मंग पाहा तिकडं. लॅमिनेशनचा नमुना म्हणून दुकानाच्या दारावर कोणाची यादी लटकून राह्यली?"