नंबर हलेना

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई बसली होती आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली तिची लेक.

“अगं, त्या पाटीवरचा नंबर मघापासून हललेला नाही. दाढ ठणकतेय माझी.”

“थांब गं आई. आमच्या कंपनीच्या अशाच एका पाटीतला प्रोग्रॅम मी इथून थांबवून ठेवलाय, चूक शोधायला.”

“कुठली पाटी?”

“ऑफिसात टेबलावर ठेवलेली. पण तिथला मित्र म्हणतो, ती तर मस्त चाललीये! मग मी थांबवलंय तरी कुणाला?”

“मला काय विचारतेस? सोड त्याला आधी.”

“सोडला.”

“अगंबाई, हलला! आपलाच नंबर! इतक्या लोकांना ताटकळत ठेवलं, कुठल्या बावळटाला बसवलंय या कामावर?”

“आई, हळू बोल ना.”